नाफडे सरांची शेवाळाची चटणी

नाफडे सरांना समुद्री शेवाळाचा साक्षात्कार झाला तो डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावर, टमाट्याची भजी खाताना. भजी ज्या गुजराती वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आली होती, त्यावर तेलाच्या डागातून एक बातमी डोकावत होती. दरियाई शेवाळात म्हणे अशी काही द्रव्यं असतात की ती खाल्लेल्या अन्नातल्या साखरेला रक्तात घाईघाईने शिरू देत नाहीत, मधुमेहावर त्यांचा उपयोग होईल का याचा देशोदेशी अभ्यास चालू आहे, परंतु. या 'परंतु'पाशी कागद फाटला होता. पुढचा मजकूर बहुधा शेजारच्या बाकड्यावरच्या मंडळींच्या भज्यांखाली गेला असावा.

"शकुंतला, हे वाच," सर म्हणाले.

"तुम्ही आधी ती दुसरी प्लेट खाली ठेवा," शकुंतलाबाई म्हणाल्या.

सरांची साखर तेव्हा उपाशीपोटी दोनशे बारा होती. त्यांच्या डॉक्टर उज्ज्वला बाविस्कर यांनी सकाळी एक, संध्याकाळी एक अशी गोळी दिली होती, आणि सर ती कधी घेत, कधी विसरत, कधी विसरल्याचं विसरून दोन घेत. उधन्याच्या मराठी शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला कुणीतरी नुसती गोळी हातावर ठेवून 'घ्या' म्हणावं, हा त्यांना अपमान वाटे. सरांना कारण लागे, कृती लागे, निरीक्षण लागे आणि शेवटी अनुमान लागे. अनुमान मात्र बहुतेक वेळा त्यांच्याकडे आधीच तयार असे.

तो तेलकट तुकडा घडी घालून त्यांच्या खिशात गेला. दुसऱ्या दिवशी तो सोसायटीत वाचून दाखवला गेला. शेजारच्या ब्लॉकमधले सुकदेव पाटील पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये रंग कालवण्याच्या खात्यात मास्तर होते. त्यांनी बातमी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "सर, आमी साडी छापाच्या रंगात जो गोंद टाकतो ना, तो बी दर्याच्या शेवाळाचाच राहतो. रंग पसरू देत नाही. जिथल्या तिथे धरून ठेवतो."

"हेच तर," सर म्हणाले. "साडीत रंग धरतो, रक्तात साखर धरेल."

"पण तो गोंद खायचा नसतो सर."

"गोंद कोण खातंय. आपण मूळ वनस्पती आणू. म्हणजे तशी ती काटेकोरपणे वनस्पतीही नव्हे," असं म्हणून सरांनी पाऊण तास शेवाळांचं वर्गीकरण सांगितलं. सुकदेवभाऊंची दुसरी पाळी होती. ती त्या दिवशी उशिरा सुरू झाली.

डुमसच्या किनाऱ्यावर चिखलाशिवाय काही मिळणार नाही, हे दोन रविवार आणि एक चप्पल घालवल्यावर सरांना पटलं. मग त्यांना किसन आठवला. हा त्यांचा जुना विद्यार्थी आता ओख्याला बंदरात नोकरीला होता. सरांनी त्याला पत्र लिहिलं की प्रयोगासाठी थोडं शेवाळ पाठव. किसनच्या मनात गुरूंबद्दल फार आदर होता. आदर असणाऱ्याला थोडं पाठवता येत नाही. पंधरा दिवसांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून चिठ्ठी आली: नग दोन, पोती, ओली.

पोती सोडवायला सर शकुंतलाबाईंना बरोबर घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनाने नाकाला रुमाल लावून विचारलं, "मास्तर, इसमें है क्या? सब्जी, मच्छी या घास?"

"यांपैकी काहीच नाही," सर म्हणाले. "शेवाळ."

"वो कॉलम नहीं है फॉर्म में."

"मग फॉर्म चुकीचा आहे."

हे वाक्य सरकारी खिडकीत उच्चारल्यावर पुढे काय होतं, ते वाचकांना सांगायला नको. मच्छी म्हणावी तर ती बर्फाशिवाय का पाठवली, याचा खुलासा लागत होता. भाजी म्हणावी तर नासल्याचा पंचनामा लागत होता. तीन खिडक्या झाल्या, दोन प्रतींत अर्ज झाला, शाळेचा शिक्का नसल्याने तिसरी प्रत झाली. चार वाजता शकुंतलाबाईंनी नवऱ्याच्या हातातून पेन घेतलं, रकान्यात 'घास' असं लिहिलं आणि सही करायला पेन परत दिलं. सरांनी सही केली. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "सव्वीस वर्षं मुलांना गवत आणि शेवाळ यांतला फरक शिकवला."

शेवाळ सात पाण्यांनी धुऊन गच्चीवर वाळत पडलं. वास इतका आला की पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी वरच्यांनी. एरवी सोसायटीने कुरकुर करून सोडून दिलं असतं. पण ते शहाण्णव साल होतं. प्लेगला दोनच वर्षं झाली होती. त्या सप्टेंबरात घरंदारं टाकून गावाकडे पळालेली माणसं त्याच सोसायटीत राहत होती, आणि काहीतरी सडल्याचा वास आला की प्रत्येकाच्या मनात एकच प्राणी येई. सोसायटीचे सेक्रेटरी ठाकोरभाई तोंडाला पंचा बांधून जिना चढून आले.

"मास्तर, उपर शुं मरी गयुं छे?"

"काही मेलेलं नाही, ठाकोरभाई. औषध आहे."

"औषध आवुं होय?" ठाकोरभाई खाली गेले ते थेट टेलिफोनपाशी.

तासाभरात पालिकेची गाडी आली. इन्स्पेक्टर, दोन माणसं, पांढऱ्या पावडरीचा डबा. अख्खी सोसायटी अंगणात उभी. शकुंतलाबाईंना तेव्हा खरंच भीती वाटली. नवऱ्याला गाडीत घालून नेतात की काय, असं वाटून त्यांनी त्यांचा स्वेटरसुद्धा काढून ठेवला. गच्चीवर सरांनी इन्स्पेक्टरला तेलकट कागद वाचून दाखवला. इन्स्पेक्टरने नोटिशीचं पुस्तक उघडलं होतं. बातमी संपेपर्यंत ते हळूहळू मिटलं.

"डायबिटीस माटे छे?" त्याने आवाज खाली आणून विचारलं. "मने आठ वरसथी छे. एक पडीकुं मने बी बांधी आपजो."

इन्स्पेक्टरने सगळ्यांदेखत शेवाळाची पुडी खिशात घातल्यावर सोसायटीला वास येईनासा झाला.

ती चटणी करायचं काम अर्थातच शकुंतलाबाईंकडे आलं. तीळ, खोबरं, चिंच, हिरवी मिरची, सगळं घालून पाहिलं. कशानेही ती खारवलेल्या सुतळीसारखीच लागे. सर मात्र प्रत्येक जेवणाआधी डोळे मिटून दोन चमचे खात आणि वहीत वेळ लिहीत.

आठव्या दिवशी शकुंतलाबाईंच्या लक्षात आलं की माठ दिवसातून दोनदा भरावा लागतोय. सर सारखं पाणी पीत होते, सारखे उठत होते, आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत होते. सर शाळेत गेल्यावर शकुंतलाबाईंनी टेबल आवरायला घेतलं आणि खडूच्या खोक्यात त्यांना गोळ्यांची अख्खी पाकिटं सापडली.

"बंद केल्यात?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"अर्थात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाचा ते कळणार कसं? गोळी चालू ठेवून शेवाळ खाणं म्हणजे दोन मुलांनी मिळून एक पेपर लिहिण्यासारखं आहे."

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?"

"निकाल हातात आल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर त्यांचं मन कलुषित होईल."

दोन दिवस त्या भांडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवण टाकलं, तर सरांनीही टाकलं, आणि गोळी न घेता उपाशी राहिलेल्या नवऱ्याकडे बघून त्यांनाच आधी घास घ्यावा लागला. सरांना समजावणं म्हणजे फळ्याला समजावणं होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी खलबत्ता काढला, एक गोळी कुटली आणि चटणीत कालवली. संध्याकाळी दुसरी.

शकुंतलाबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. भाजीवाल्याने चुकून जास्त जुडी दिली तर त्या जिना उतरून परत देत. पण इथे त्या काही बोलतच नव्हत्या, फक्त वाढत होत्या. असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते त्यांना पूर्ण पटलं नाही, पण माठ आता दिवसातून एकदाच भरावा लागे.

तीन आठवड्यांनी तपासणी झाली. उपाशीपोटी एकशे अठरा. सरांना आयुष्यात पहिल्यांदाच रोज दोन वेळा, न चुकता, जेवणाआधी गोळी मिळत होती, त्याचा हा परिणाम. डॉ. उज्ज्वला म्हणाल्या, "छान. गोळ्या मानवल्या तुम्हाला." सर गूढ हसले. शकुंतलाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर त्या सांगणारच होत्या. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात सर रस्ता ओलांडून गेले आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन आले. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी गजरा आणला नव्हता. "तुझ्या चटणीमुळे," ते म्हणाले, आणि बाईंनी वाक्य गिळलं.

इथपर्यंत हा घरातला मामला होता. पण एकशे अठरा हा आकडा सरांच्या पोटात राहणं शक्य नव्हतं. आठवड्याभरात अकरा घरांत शेवाळाची पूड गेली. दारात चपला दिसू लागल्या. सर प्रत्येकाला सांगत, "मी गोळी पूर्ण बंद केली आहे. तुम्हाला करा म्हणत नाही. मी केली आहे, एवढंच सांगतो." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा होई की समोरचा घरी जाऊन गोळ्या फेकायचाच बाकी राही.

शकुंतलाबाईंची झोप उडाली. त्या एकेका बाईला जिन्यात गाठून हळूच सांगत, "चटणी खा, पण गोळी सोडू नका हं." बायका मान डोलवत आणि घरी जाऊन म्हणत, नाफडेबाईंना नवऱ्याचं कौतुक बघवत नाही. सुकदेवभाऊंच्या शोभाबाईंची साखर सगळ्यांत चढी. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झालेली, ती महिनाभर ओलीच होती.

"शोभाबाई, गोळ्या चालू आहेत ना?"

"चालूच शेतस ना ताई," शोभाबाई म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला वळल्या.

मग चलथाणचं बोलावणं आलं. साखर कारखान्याच्या अलीकडे एक शाळा होती. तिथल्या मराठी मंडळाने रविवारी सरांचं व्याख्यान ठेवलं होतं. जिथे हवेलाच मळीचा गोड वास, तिथे साखरेविरुद्ध व्याख्यान. सरांना तो आपल्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण वाटत होता. तिथूनच ते शिक्षकांच्या दोन दिवसांच्या शिबिराला बारडोलीला जाणार होते. म्हणून शकुंतलाबाईंनी दोन डबे भरले. एक मोठा स्टीलचा, साध्या चटणीचा, लोकांना चव द्यायला. दुसरा छोटा, निळ्या झाकणाचा, सरांच्या दोन दिवसांच्या जेवणांसाठी. त्यात चार गोळ्या कुटून घातल्या होत्या. "मोठा लोकांना, निळा तुमचा. आणि निळ्यातलं खाल ते जेवणाबरोबरच खा," त्यांनी तीनदा सांगितलं.

दुपारी दोनला सर गेले. तीनला शकुंतलाबाई ओटा पुसायला गेल्या, आणि ओट्यावर मोठा स्टीलचा डबा जिथल्या तिथे होता.

त्यांना दिसलं ते एवढंच: सर व्यासपीठावर आहेत, लोक चव मागताहेत, आणि पिशवीत एकच डबा आहे.

नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी शाळेला फोन लावला. रविवार. घंटी वाजत राहिली. बूथमधून बाहेर पडल्या तर समोरून सुकदेवभाऊ स्कूटर घेऊन येत होते.

"भाऊ, मला चलथाणला सोडा. आत्ताच्या आत्ता."

"सरांना काही झालं का वहिनी?"

"बसते मी. चालवा. सांगते."

स्कूटर हायवेला लागली तेव्हा त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, खडूचं खोकं, खलबत्ता, एकशे अठरा, निळं झाकण. वाऱ्यामुळे निम्मं ओरडून सांगावं लागलं. जे कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून दीड महिना जपलं होतं, ते त्या पाच मैलांच्या रस्त्यावर ओरडत गेल्या. पुढे उसाच्या ट्रकांची रांग लागली होती. कारखान्याचा हंगाम ऐन भरात. ट्रक, ट्रॅक्टर, मध्येच बैलगाड्या, आणि सगळ्यांवर रस्ता भरून ऊस. स्कूटर थांबली.

"म्हणजे सरांची साखर गोळीनंच उतरली," सुकदेवभाऊ मागे न बघता म्हणाले.

"हो."

"शेवाळानं नाही."

"नाही, भाऊ."

सुकदेवभाऊंनी हँडलवरचा हात काढून तोंडावरून फिरवला. "शोभानं तीन आठवडे झाले गोळी बंद केली वहिनी. सरांचं पाहून. तुमाला सांगू नको म्हणे, तुमी रागावशान म्हणून."

शकुंतलाबाईंना स्कूटरवरून उतरून चालत सुटावंसं वाटलं. पण पुढे ऊस होता आणि मागेही ऊस होता. "भाऊ, मला काहीही बोला," त्या म्हणाल्या.

"आता काय बोलू," सुकदेवभाऊ म्हणाले. "आधी तिकडचं पाहू. मंग घरचं." आणि त्यांनी स्कूटर रस्त्याच्या खाली, शेताच्या कडेने घातली. त्या कडेने ती कशी गेली, ते त्यांनाच ठाऊक. शकुंतलाबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

शाळेत पोहोचल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. हॉल भरलेला. सर फळ्यापाशी, हातात खडू, आणि टेबलावर निळ्या झाकणाचा डबा उघडा. तळाला थोडी चटणी उरली होती.

सरांनी त्यांना दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मंडळी, आमच्या सौभाग्यवतीच आल्या. माझ्या प्रयोगाच्या पहिल्या साक्षीदार. ही चटणी त्यांच्याच हातची. या, दोन शब्द सांगा."

टाळ्या झाल्या. शकुंतलाबाई मधल्या वाटेने चालत गेल्या. सरांच्या कानात सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, पण सरांनी माइकच पुढे केला.

"डब्यातली चटणी कोणी कोणी खाल्ली?" त्यांनी विचारलं.

लोकांना तो व्याख्यानाचाच भाग वाटला. हसत हसत तीन हात वर गेले.

"एवढेच?"

"अध्यक्षांनी पण घेतली," पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या. "हेमराजभाऊंनी. आज एकादशी ना. शेवाळ काही धान्य नाही, कडधान्य नाही, मग उपासाला चालतं, असं सरच म्हणाले. त्यांनी तर चांगले तीन चमचे खाल्ले."

"कुठे आहेत ते?"

"त्यांना जरा गरगरलं. ऑफिसात पडलेत."

शकुंतलाबाईंनी माइक टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्या चटणीत मधुमेहाच्या गोळ्या कुटून घातल्या आहेत. मी घातल्या आहेत. यांच्यासाठी. हात वर केलेल्यांनी बाहेर रसाचा गाडा आहे, तिथे जाऊन उसाचा रस प्या आणि इथेच बसून राहा. आणि एक मोठा ग्लास ऑफिसात आणा."

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाऊल उचललं नसतं.

हेमराजभाऊ ऑफिसातल्या बाकावर आडवे होते. अडुसष्ट वर्षांचे, सडसडीत, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. सदरा घामाने चिंब झाला होता, हात थरथरत होते, आणि कुठल्याशा जुन्या सहकाऱ्याला ते बदलीच्या अर्जाविषयी रागावत होते. तो सहकारी खोलीत नव्हता. सुकदेवभाऊंनी त्यांना टेकून बसवलं. बाईंनी रसाचा पेला ओठांना लावला.

"एकादशी आहे," हेमराजभाऊ पुटपुटले.

"ऊस उपासाला चालतो, भाऊ. प्या."

"बर्फ घातलाय का? बर्फ कुठल्या पाण्याचा, कोण जाणे."

"बर्फ नाही. प्या हो."

त्यांनी अर्धा सांडला आणि अर्धा प्याला. मग दुसरा. दहा मिनिटं गेली. दारात माणसं दाटली होती, आणि त्यांच्या मागे, सर्वांत उंच असल्यामुळे दिसत होते ते सर. हळूहळू हेमराजभाऊंच्या हातांची थरथर थांबली. त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि विचारलं, "व्याख्यान संपलं का?"

तेवढ्यात गावातल्या डॉक्टरांना कुणी घेऊन आलं. ते म्हणाले, रस वेळेवर दिला म्हणून निभावलं. पण या गोळीचा जोर लवकर ओसरत नाही, साखर पुन्हा उतरेल, उद्या संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ग्लुकोज लावून ठेवावं लागेल. त्या तिघांनाही तपासून बसवून ठेवलं. त्यांचं दुपारचं जेवण पोटभर झालं होतं, म्हणून थोडक्यात भागलं.

मग लोकांचा आवाज चढला. हेमराजभाऊंचा जावई पुढे आला. "मास्तर, व्याख्यान द्यायला आलात की माणसं मारायला? आणि या बाई..."

सर हॉलमध्ये परत गेले. शकुंतलाबाईंना वाटलं, पिशवी घेऊन निघून जातील. पण त्यांनी माइक उचलला.

"बाईंना काही बोलू नका," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "त्यांना तसं करावं लागलं, कारण मी ऐकणारा माणूस नाही. माझी साखर गोळ्यांनी उतरली, शेवाळाने नाही. मला ते माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायलाही मी गेलो नाही. माझं ऐकून कुणी गोळी सोडली असेल तर आज घरी गेल्याबरोबर सुरू करा. उद्या नाही, आजच." आणि मग सवयीने त्यांनी फळा पुसला.

बारडोलीचं शिबिर बुडालं. ती रात्र आणि दुसरा अख्खा दिवस दोघं चलथाणच्या दवाखान्याच्या बाकावर बसून होते. सुकदेवभाऊ त्याच संध्याकाळी घरी परतले आणि शोभाबाईंना डॉ. उज्ज्वलांकडे घेऊन गेले. हेमराजभाऊंना डॉक्टरांनी घरी सोडल्यावर नाफडे पतिपत्नी थेट डॉ. उज्ज्वलांकडे गेले. शोभाबाईंची साखर तीनशे चाळीसवर होती आणि अंगठा काळवंडायला लागला होता.

"तुमच्यातलं जास्त वेडं कोण, हे मला ठरवता येत नाहीये," डॉ. उज्ज्वला म्हणाल्या. "सर, असेलही शेवाळात काही. समुद्रात काय काय आहे कोण सांगणार. पण ते वेगळं काढायचं, मोजायचं, तपासायचं, यात लोकांची आयुष्यं जातात. तुम्ही भज्यांचा कागद वाचलात आणि मिक्सर लावलात. आणि वहिनी, तुम्ही. दुसऱ्याला न सांगता औषध चारायचं? ते एखाद्या दिवशी जेवले नसते तर?"

शकुंतलाबाई म्हणाल्या, "चुकलं."

घरी सरांचं मौन दोन दिवस चाललं. ते गोळी स्वतः घेत, पाण्याचा पेला स्वतः धूत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वही काढली आणि समोर बसले.

"कुठल्या तारखेपासून?"

"नऊपासून."

"सकाळी एक, संध्याकाळी एक? चुकली कधी?"

"एकदाही नाही."

सरांनी आकड्यांच्या शेजारी नवा रकाना आखला आणि तारखेसमोर तारीख भरत गेले. पान संपल्यावर पेनाला टोपण लावून म्हणाले, "काम नीट केलंस. मला सांगायला हवं होतंस."

"तुम्ही ऐकलं असतं?"

सरांनी वही मिटली. "नाही," ते म्हणाले. "चल. अकरा घरं आहेत."

ती अकरा घरं शकुंतलाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. प्रत्येक दारात सर चपला काढून उभे राहत आणि तेच वाक्य म्हणत: माझं चुकलं, गोळ्या सुरू करा, पूड परत द्या. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच बोललं. तळमजल्यावरच्या इंदुबाई म्हणाल्या, त्यांनी ती पूड कधी खाल्लीच नव्हती, वास बघूनच गुलाबाला घातली होती, आणि गुलाब फार चांगला आला होता. पालिकेच्या इन्स्पेक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि उरलेली पुडी परत द्यायला साफ नकार दिला. गोळ्या मात्र घेईन म्हणाले. ठाकोरभाईंनी गच्चीवरचं शिल्लक शेवाळ सोसायटीच्या नारळांना घालण्याचा ठराव एकमताने मंजूर करून घेतला.

शेवटचं घर शेजारचं होतं. शोभाबाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. डॉक्टरांनी रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन सांगितलं होतं. जखम भरेपर्यंत तरी सुटका नव्हती. सुकदेवभाऊ मिलमध्ये उकळत्या रंगाच्या पिंपांपुढे उभे राहणारे, पण सुई पाहिली की त्यांना घेरी येई. रोज दवाखान्यात जायचं तर पायाने चालवत नव्हतं, आणि स्कूटरवर पाय लोंबता राहिला की ठणका लागे.

सर आपलं वाक्य बोलले. शोभाबाईंनी ऐकलं. शकुंतलाबाईंना वाटलं, आता शिव्या दिल्या तर बरं होईल.

"इंजेक्शन मी देईन," सर म्हणाले. "डॉक्टरीणबाईंकडून शिकून घेतो. रोज सातला, शाळेत जाण्याआधी."

"तुमाले जमी का सर?" शोभाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

शकुंतलाबाईंनी या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द लग्नानंतर पहिल्यांदा ऐकले.

चार दिवस शोभाबाईंना रिक्षातून दवाखान्यात न्यावं लागलं, आणि सर तिथेच मोसंब्याला इंजेक्शन देत होते. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता ते हात धुऊन शोभाबाईंसमोर बसले. सुकदेवभाऊ सगळ्यांचा चहा ओतून ठेवून गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून उभे होते. शकुंतलाबाईंनी स्पिरिटचा बोळा दिला. सरांनी औषध ओढलं, बुडबुडा काढला, खुणेची रेघ चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली, मग सिरिंज शकुंतलाबाईंपुढे धरली आणि म्हणाले, "तू पण बघ. मी चुकलो असेन."

बाईंनी पाहिलं. बरोबर होतं.

तरी सरांचा हात शोभाबाईंच्या दंडाजवळ जाऊन थांबला. शोभाबाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा शकुंतलाबाईंकडे, आणि दुसऱ्या हाताने सरांचं मनगट धरून आपल्याकडे ओढलं.

"मारा सर," त्या म्हणाल्या, "चहा थंडा व्हई जाई."